पोचल्यावर जेवून घेजो

नागपूरला जायचं ठरलं की आदल्या रात्रीच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "किती पोळ्या बांधू?"

या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं नाही. सकाळची पहिली एसटी धरायची म्हणजे घरून रिकाम्या पोटी निघणं आलं. नागपुरात काम एका तासात उरकेल की संध्याकाळ होईल, हे कोणालाच ठाऊक नसतं. सोबत कोण आहे, त्याला साखरेचा त्रास आहे का, परतीची शेवटची गाडी चुकली तर मुक्काम कुठे, हे सगळं त्या एका प्रश्नात गुंडाळलेलं असतं. या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंबरोबर मी तीनदा नागपूरला गेलो. काकांची मेडिकलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तपासणी चालू होती. पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. म्हटलं, काकू, कशाला ओझं? तिथं हॉटेलं नाहीत का?

"हायेत ना बापा," काकू म्हणाल्या, "पन आपल्याले भूक लागन तवा थे जवळ असन का?"

पर्यटनाची पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात की नागपुरात अमुक ठिकाणी पोहे खा, तमुक ठिकाणी मटण खा. ते खोटं सांगत नाहीत. पण आमच्या गोंडपिपरीहून जाणारा माणूस खायला म्हणून नागपूरला जात नाही. तो दवाखान्यासाठी जातो, हायकोर्टाच्या तारखेला जातो, परीक्षेला जातो, मोर्चाला जातो. आणि ज्या कामाला गेलो ते काम जिथे अडकवून ठेवतं, त्याच्या दोनशे पावलांच्या आत त्याचं जेवण होतं. त्याचं नागपूर वेगळं आहे. त्या नागपुरात कुठे काय खायचं, याचा नकाशा कोणी छापलेला नाही, तरी गावातल्या बहुतेकांना तो पाठ आहे.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याचा हा दक्षिण-पूर्वेचा कोपरा. पूर्वेला वैनगंगा, नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. खाली वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात, प्राणहिता होतात, आणि तिच्या काठानं तेलंगण लागतं. रेल्वे नाही; रेल्वेसाठी बल्लारशाह गाठावं लागतं. चंद्रपूर पन्नासेक किलोमीटर, नागपूर त्यापुढे आणखी दीडशेच्या वर. चंद्रपूर, बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, अहेरी असा हा रस्ता. त्यामुळे अहेरी-एटापल्लीकडच्या माणसाला आमचं गाव म्हणजे चहाचा थांबा वाटतं. आम्ही ज्याला प्रवासाची सुरुवात म्हणतो, तिथे त्याचा निम्मा वैताग होऊन गेलेला असतो.

शिदोरीचं शास्त्र इथल्या बायकांना जितकं कळतं तितकं कुठल्या पाकक्रियेच्या पुस्तकात नाही. आमचं खाणं भाताचं. झाडीपट्टीत धान पिकतं, आणि दुपारी भात पोटात गेला नाही तर माणसाला जेवल्यासारखंच वाटत नाही. पण भात प्रवासाला दगा देतो. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. सकाळी सहाला बांधलेला भात अकराला आंबतो. म्हणून पोटाला भात लागतो आणि पिशवीला पोळी. पोळीबरोबर घट्ट चून, म्हणजे तुमचा झुणका, पाणी कमी घालून कोरडा केलेला. लसूण-तिखटाचा भुरका. दोन दिवसांचा मामला असेल तर तिखट-मिठाच्या पुऱ्या. सणाचे दिवस असतील तर बरबटीचे वडे. बरबटी म्हणजे चवळी. कांदा कापून न्यायचा नाही, अख्खा न्यायचा आणि बुक्कीनं फोडायचा. आणि पुरुषमाणूस असेल तर खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी असतेच. तिला शिदोरीत धरायचं की नाही यावर घरोघरी भांडणं आहेत.

पहिली गाडी कोठारीचं जंगल ओलांडते तेव्हा पुरतं उजाडलेलं नसतं. मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या गावांतून माणसं स्टँडवर येतात ती दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी घेऊन. या जिल्ह्यात अंधारात एकट्यानं पायवाटेनं निघायचं धाडस कोणी करत नाही. वाघ इथे पर्यटनाचा विषय होण्याआधी वेळापत्रकाचा विषय आहे. परतताना दिवेलागणीच्या आत घर गाठायचं असतं. म्हणूनच शहरातलं रात्रीचं जेवण आमच्या आराखड्यात बसत नाही. हॉटेलांच्या पाट्या उजळायला लागतात तेव्हा आम्ही परतीच्या बसमध्ये असतो.

बल्लारपूरला गाडी जरा टेकते. कागद कारखाना, कोळशाच्या खाणी आणि दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग यांनी या गावात तेलुगू, हिंदी, बंगाली, पंजाबी अशी सगळी माणसं आणून वसवली. लोक त्याला 'मिनी इंडिया' म्हणतात. त्याची खरी साक्ष सकाळच्या हातगाडीवर मिळते. एकीकडे शेंगदाण्याच्या चटणीतली इडली, शेजारच्या कढईत आलुबोंडे, त्याच्यावर ओतायला लाल रस्सा. काकूंनी खिडकीतून एक प्लेट आलुबोंडा मागवला. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीच्या वर्षी प्रवास मोफत झाला. सरकारनं हिशोब केला असेल तो प्रवासाचा. काकूंचा हिशोब वेगळा होता. "वाचले त्याच्यात यायचा नास्ता होते," काकांकडे बोट करून त्या म्हणाल्या. यजमानांचं नाव न घेता 'यायचा' म्हणण्याची ही पद्धत अजून आहे.

अधिकृत थांब्यावरच्या हॉटेलात एसटीच्या प्रवाशाला तीस रुपयांत चहा-नाश्ता मिळायला हवा, असा महामंडळाचा नियम आहे. एका थांब्यावर मी तो मागून पाहिला. गल्ल्यावरच्या माणसानं माझ्याकडे मी त्याच्या बहिणीचं स्थळ नाकारल्यासारखं पाहिलं. मी साठ रुपये दिले आणि गप्प बसलो. चालक-वाहक मात्र आतल्या खोलीत तब्येतीनं जेवत होते, आणि त्यात चूक काही नाही. पहाटेपासून गाडी तेच ओढत होते.

आता पिण्याबद्दल. याविषयी आमच्याकडे सभेत मोठ्यानं बोलतात आणि घरात हळू. मला उलटं करून पाहायचं आहे.

आमच्या रस्त्याचा नकाशा दारूच्या दृष्टीनं पट्ट्यापट्ट्यांचा आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. त्यामागे गावोगावच्या लोकांचा रेटा होता, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा त्यात मोठा वाटा. वर वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा. तिथे सत्तरच्या दशकापासून बंदी. मध्ये आमचा चंद्रपूर. पुढे नागपूर खुलं. म्हणजे अहेरीहून नागपूरला जाणारा माणूस कोरड्यातून ओल्यात, ओल्यातून कोरड्यात आणि पुन्हा ओल्यात जातो. नागपूर रस्त्यावर वर्धा जिल्ह्यातला जो मोठा चौरस्ता लागतो, जिथे सगळ्या बस आणि ट्रक जेवायला थांबतात, त्या गावाचं नाव जाम. ज्या जिल्ह्यात पेला उचलायला बंदी, तिथल्या चौकाचं नाव जाम! हा विनोद या रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवाशानं एकदा तरी केलेला आहे, आणि प्रत्येकाला तो स्वतःलाच सुचल्यासारखा वाटतो.

चंद्रपूरचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. डिसेंबर २०१० मध्ये जिल्ह्यातल्या शेकडो बाया चिमूरहून पायी नागपूरला निघाल्या, विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनावर. श्रमिक एल्गारच्या अॅड. पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. मागणी एकच, जिल्ह्यात दारूबंदी करा. नागपूरच्या सहलीचा विषय निघाला की मला या बाया आठवतात. त्यांनीही शिदोरी बांधली असेल, त्यांनीही वाटेतल्या गावांत कोणाच्या ओसरीवर पिठलं-भाकर खाल्ली असेल. त्या पिण्याची जागा शोधायला नव्हत्या निघाल्या, ती बंद करायला निघाल्या होत्या. चार वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर कोरडा झाला.

मग पुरुषांना अचानक कामं निघू लागली. कोणाला वणीला बैल पाहायचा होता. वणी वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. कोणाला तेलंगणातल्या सोयऱ्याच्या घरी बारसं होतं, आणि त्या सोयऱ्याकडे वर्षाला चार बारशी होत. नागपूरला जाणाऱ्याला आधी 'येताना संत्री आणजो' म्हणत, त्याऐवजी कानात वेगळंच काही सांगू लागले. जिल्ह्याच्या हद्दीवर, खांबाड्याच्या बाजूला, गाड्या तपासल्या जात. चोरटा माल तरीही येत राहिला, महाग झाला आणि बनावटही निघाला. शेवटी सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, मंत्रिमंडळानं बंदी उठवली. जुलैत दुकानं उघडली. बंदी फसली म्हणून उठवली असं सरकार म्हणालं. बंदी राबवली नाही म्हणून फसली असं चळवळीतल्या बाया म्हणाल्या. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं, पण बंदीच्या काळात कोवळी पोरं मोटारसायकलवरून पेट्या वाहताना मी पाहिली आहेत, आणि ते चित्र विसरून मला मत देता येत नाही.

काकूंचं मत एका वाक्याचं आहे. "तवा हे घरी जेवत होते."

नागपूर आलं. गणेशपेठेच्या स्टँडवर उतरलं की नकाशा फुटतो. परीक्षेची पोरं एकीकडे, कोर्टाची माणसं सिव्हिल लाइन्सकडे, व्यापारी इतवारीत, आणि सगळ्यांत मोठा लोंढा मेडिकलकडे. एक वाट मात्र ओस पडत चालली आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्या पोरांना मार्कशीटवरच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायलाही नागपूर विद्यापीठात खेटे घालावे लागत. त्या खेट्यांत एक पिढी सीताबर्डीच्या रस्त्यावर जेवायला शिकली. आज पस्तिशी-चाळिशीच्या मास्तरांना विचारा, ते बर्डीवरची प्रत्येक गाडी सांगतील. त्यांची पोरं सांगणार नाहीत. २०१५ मध्ये चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, तशी पुष्कळ दुखणी चंद्रपुरातच थांबू लागली. कामाची जागा हलली की खाण्याची जागा हलते, इतकं ते साधं आहे.

मेडिकलच्या आवारात दुपारी बाराच्या सुमाराला उभं राहिलं की विदर्भाच्या अर्ध्या जिल्ह्यांच्या शिदोऱ्या एका नजरेत दिसतात. झाडाखाली सतरंजी, तिच्यावर स्टीलचा डबा. गोंदियाच्या डब्यात भाताची मोकळीक असते, यवतमाळच्या डब्यात भाकर. काकूंनी डबा उघडला तेव्हा शेजारी भंडाऱ्याचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्याकडून लोणचं आलं, आमच्याकडून चून गेलं. कोणी कोणाला नाव विचारलं नाही, आजार मात्र विचारला.

ज्यांची शिदोरी संपते त्यांच्यासाठी दहा रुपयांची थाळी आहे. मेडिकलच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी 'दीनदयाल थाली' सुरू झाली ती याच दराची. सरकारची शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० ची: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि दीडशे ग्रॅम भाताची मूद, दहा रुपयांत, वरचे पैसे सरकार केंद्रचालकाला देतं, शहरात चाळीस आणि गावात पंचवीस रुपये असं सुरुवातीला ठरलं होतं. करोनात थाळी आधी पाच रुपयांना, मग काही महिने फुकट झाली. २०२५ मध्ये चालकांचं अनुदान थकल्याच्या बातम्या आल्या. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती झाडीपट्टीच्या पोटाची आहे. दीडशे ग्रॅम भात! आमच्याकडे एवढा भात ताटाला चिकटून राहतो. पण तिसऱ्या खेपेला, रिपोर्टच्या रांगेत साडेतीन वाजल्यावर, मी ती मूद शिताशितानं पुसून खाल्ली. गरम होती, आणि भात होता.

आता सावजी. एवढं लिहून सावजीचं नाव घेतलं नाही तर नागपूरचे मित्र मला गावी परत पाठवतील. हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण. ही माणसं विणकर. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. हातमाग होते, गिरण्या होत्या, पुढे पॉवरलूम आले, आणि सूत तुटत गेलं तशा घरच्या चुली खानावळी झाल्या, असं जुनी माणसं सांगतात. काळपट रस्सा, वर तेलाचा थर, मटण, खूर, आणि शाकाहाऱ्यांसाठी पाटवडी नाहीतर डाळकांदा. पहिल्या घासाला कानशिलं तापतात. मला स्वतःला मटणापेक्षा डाळकांदा आवडतो, आणि हे मी छापून सांगण्याचं धाडस आजच करतो आहे. पण आमच्या नकाशात सावजी कधी येतो? कोर्टात निकाल बाजूनं लागला तर. नोकरीची ऑर्डर हातात पडली तर. किंवा दवाखान्यातून माणूस धड बाहेर आला तर. एरवी कोणी त्या पायरीवर चढत नाही. एकदा काम होण्याआधीच आम्ही तिघे मित्र महालात सावजीकडे जेवलो होतो. काम झालं नाही, आणि अजूनही एक मित्र म्हणतो की त्या खुराच्या रश्श्यानंच घात केला.

पोह्यांचं तसं नाही. पोहे कामाच्या आधी खायचे. कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची तर्री घेऊन उभ्याउभ्या खाणाऱ्यांत वकील, मजूर, पोलीस आणि रात्रीच्या रेल्वेनं उतरलेले सगळे एका रांगेत असतात. रात्री बल्लारशाहहून गाडी धरली तर ही वेळ साधते. पण बसनं आलं तर पोहे संपलेले असतात, आणि मग संध्याकाळी बर्डीवर संत्रा बर्फीचा डबा घेऊन समाधान मानायचं. घरी लहान पोर असेल तर त्या डब्याशिवाय दारात पाय ठेवता येत नाही.

वर्षातला एक दिवस असा असतो की नागपूरला जाताना कोणी पोळ्या मोजत नाही. दसऱ्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली. १६ ऑक्टोबरला ते चंद्रपुरात होते, तिथेही दीक्षेचा सोहळा झाला. त्यामुळे आमच्या तालुक्यातली माणसं आधी नागपूर आणि मग चंद्रपूर, अशा दोन दीक्षाभूमी करतात. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मंडळं, कामगार संघटना, बँकांचे कर्मचारी, कॉलनीतली घरं अन्नदानाचे मांडव घालतात. पुरी-भाजी, मसालेभात, बुंदी, पाण्याची पाकिटं. खाणाऱ्याला कोणी गाव विचारत नाही, जात तर नाहीच. आमच्या गल्लीतले एक आजोबा तिथे दरवर्षी एकाच मांडवात जेवायचे. वाढणारी पोरं बदलत गेली, आजोबा तेच राहिले. शेवटच्या वर्षी त्यांना चालवेना. तेव्हा मांडवातल्या एका पोरानं ताट रस्त्याच्या दुभाजकापर्यंत आणून दिलं. त्या दिवशी जाताना घरच्या पिशवीत पोळ्या नसतात, पुस्तकांना जागा ठेवलेली असते.

नातेवाईक हा नकाशाचा शेवटचा आणि सगळ्यांत नाजूक भाग. नागपुरात सोयरा असून त्याच्याकडे न जेवता परत आलं तर तो वर्षभर बोलत नाही. गेलं तर परतीची गाडी चुकते. शहाणी माणसं सोयऱ्याला आल्याचं कळवतात ते बस बुटीबोरीच्या पुढे गेल्यावर. पण सोयऱ्यालाही काही हवं असतंच. पावसाळ्यात फोन येतो, "येत असान त वास्ते आनजा जी." बांबूचे कोवळे कोंब, शहरात शोधून सापडत नाहीत. मग आमचा डबा जाताना वास्त्यांनी भरलेला आणि येताना वहिनीनं दिलेल्या सांबारवड्यांनी, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांनी, भरलेला. डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही टोकांना सारखाच पाळला जातो.

तिसऱ्या खेपेला काकांचे रिपोर्ट बरे आले. मी म्हटलं, काकू, आज सावजी. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे. काका काही बोलले नाहीत, पण चष्मा पुसू लागले. शेवटी मेडिकल चौकातून रिक्षा केली. काकूंनी पाटवडी घेतली आणि रश्श्याच्या वाटीकडे बघून विचारलं, "याच्यात का टाकते बापा?" वाढणाऱ्यानं हसून मान हलवली, तो काही सांगणार नव्हता. काकांनी तीन वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्यांदा भात मागितला.

परतीची गाडी चुकली नाही. चंद्रपूरहून आष्टीकडे जाणारी शेवटची धरली. गोंडपिपरीला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. आमच्यामागून आणखी एक माणूस घाईनं उतरला. त्याचं तिकीट पलीकडचं, गडचिरोलीतलं होतं. "दोन मिंट थांबा जी," तो वाहकाला म्हणाला आणि स्टँडच्या बाहेर अंधारात गेला. पुढे वैनगंगेचा पूल, आणि पुलापलीकडे बंदी. वाहकानं कुठे जाता म्हणून विचारलं नाही. घंटीच्या दोरीला हात लावून तो तसाच उभा राहिला, आणि काकू पिशवीतून डबा काढून त्यात उरलेल्या दोन पोळ्या मोजू लागल्या.